एका ताग्यातली भावंडं

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "यातच मोठीच्या मापाचं आहे का हो?" दुकानदार वरच्या रॅकवरून आणखी एक खोकं काढतो. धाकट्याचा कुर्ता आणि मोठीचा अनारकली, दोन्हींवर तीच बुट्टी आणि तेच काठ. आई दोन्ही कपडे मुलांच्या अंगाला लावून पाहते, आजी कौतुकाने मान डोलावते, वडील पैसे देतात. या सगळ्यात मुलांना "तुम्हाला हवंय का असं?" हे विचारलेलं क्वचितच ऐकू येतं.

भावंडांना सारखे कपडे घालावेत का, यावर दोन ठाम मतं आहेत. एका मताप्रमाणे मुलं त्यात गोड दिसतात, भांडणं टळतात, आपलेपणा वाढतो. दुसऱ्या मताप्रमाणे मुलाचं वेगळेपण त्यात दडपलं जातं. ही चाल कुठून आली, कुणाच्या सोयीसाठी आली आणि मुलांच्या वाढीबद्दल आपल्याला खरोखर काय ठाऊक आहे, हे सगळं एकत्र मांडून पाहिलं तर दोन्ही मतं अपुरी वाटतात. हा प्रश्न कपड्यांपेक्षा घरातल्या न्यायाचा अधिक आहे, असं मला वाटतं.

काटकसरीतून आलेला सारखेपणा

रेडिमेड कपडे घरोघर पोचण्यापूर्वी महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय आणि कामकरी घरांत भावंडांचे कपडे सारखे असत, ते मुख्यतः कापडाच्या हिशेबामुळे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, म्हणजे दिवाळीला आणि शाळा उघडताना कापड घेतलं जाई. प्रत्येकासाठी वेगळा तुकडा घेण्यापेक्षा एकाच ताग्यातून सलग कापड फाडून घेणं स्वस्त पडे. त्याचं कारण शिंप्याच्या टेबलावर कळत असे. तो आधी मोठ्या मुलाच्या शर्टाची पाठ आणि पुढचे दोन भाग खडूने आखून घेई. त्यांच्या मधल्या जागेत बाह्या बसवी, कडेच्या पट्टीतून कॉलर आणि खिसा काढी. काखेच्या गोलाईशेजारी जो तुकडा उरे, त्यात धाकटीच्या फ्रॉकची फुग्याची बाही निघे. तीन वेगळ्या कापडांचे तीन उरलेले तुकडे वाया गेले असते. एकाच मोठ्या पन्ह्याच्या कापडात एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी येई. वर शिवणीत भरपूर माया ठेवायची, खाली रुंद पट्टी दुमडायची, परकराला टक घालायचे आणि मूल वाढेल तसे ते उसवत जायचं, हे ठरलेलं असे.

या काटकसरीमागे मोठा इतिहास आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी स्थापन केली आणि पुढच्या शतकभरात गिरणीचं कापड खेडोपाडी पोचलं. दुसऱ्या महायुद्धात टंचाई झाली, १९४३ साली सरकारने सुती कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणलं आणि 'कंट्रोलचं कापड' लोकांच्या तोंडी रुळलं. जे मिळेल ते घ्यायचं आणि त्यातच सगळ्यांचं भागवायचं, अशा दिवसांत मुलांची आवडनिवड विचारायला वावच नव्हता. दोघा भावांच्या मुंजी एकाच मांडवात उरकायच्या, त्याच हिशेबाने त्यांचे सदरेही एकाच कापडाचे शिवायचे. चाळीत आणि वाड्यात अमक्यांची मुलं कापडावरून ओळखू येत. त्यात घराला अभिमानही वाटे : कमी असलं तरी सगळ्यांना मिळालं आहे, हे चारचौघांना दिसत असे.

हा सारखेपणा कुणाला बोचत नसे असं मात्र नाही. दोन बहिणींमध्ये दोन-तीन वर्षांचं अंतर असेल, तर धाकटीच्या वाट्याला तोच फ्रॉक दोनदा येई. आधी स्वतःचा, तो तोकडा होईपर्यंत. मग मोठीचा, जो तिला आता बसू लागलेला असे. तीच निळी फुलं चार-चार वर्षं अंगावर. मोठीला दर खेपेला नवं मिळे आणि धाकटीला आपलं नवं कुठे संपलं आणि जुनं कुठे सुरू झालं हेच कळत नसे. पाचवी-सहावीतला मुलगा बहिणीच्या फ्रॉकच्या कापडाचा शर्ट घालून शाळेत जायला नकार देई आणि त्याला "फार शेफारलास" म्हणून गप्प केलं जाई. त्या नकारात गैर काहीच नव्हतं. वयाप्रमाणे तो स्वतःला घरापासून थोडं वेगळं पाहू लागला होता, इतकंच.

राजवाड्यातून दुकानात

दुसऱ्या टोकाला राजघराणी होती. त्यांना कापडाची ददात नव्हती, तरीही त्यांनी मुलांना एकसारखं सजवलं. रशियाच्या शेवटच्या झारच्या चार मुली, ओल्गा, तात्याना, मारिया आणि अनास्तासिया, फोटोंमध्ये बहुधा सारख्या पांढऱ्या पोशाखात दिसतात. घरात त्यांच्या दोन जोड्याच पाडलेल्या होत्या, थोरली आणि धाकटी, आणि चौघी आपल्या नावांची आद्याक्षरं जोडून एकत्र सही करत. इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ आणि मार्गारेट यांच्यात चार वर्षांचं अंतर होतं. १९३७ साली वडिलांच्या राज्याभिषेकाला अकरा वर्षांची एलिझाबेथ आणि सहा वर्षांची मार्गारेट सारखे झगे आणि सारखे छोटे मुकुट घालून गेल्या. राजघराणं एकसंध आहे, हे प्रजेला दाखवायचं होतं आणि मुलींचे कपडे त्या कामी आले.

राजवाड्यात जे दिसतं ते बाजारात येतं. १८४६ साली चित्रकार विंटरहाल्टरने राणी व्हिक्टोरियाच्या लहान मुलाचं खलाशाच्या वेषातलं चित्र काढलं आणि पुढे युरोपभर मुलांना तो वेष घालायची चाल पडली. पॅरिसमध्ये जान लांव्हँ या शिवणकर्तीने आपल्या मुलीसाठी शिवलेले कपडे पाहून इतर आया तसेच मागू लागल्या. तिने १९०८ साली मुलांच्या कपड्यांचा विभाग काढला. तिच्या पेढीचं बोधचिन्हही जुळत्या पोशाखातल्या आई-मुलीचंच आहे.

आज आपल्याकडे हीच हौस 'ट्विनिंग' या नावाने आली आहे. खणाचा फ्रॉक आणि खणाचं जाकीट, पैठणीच्या काठाचा परकर आणि त्याच काठाचा कुर्ता, संक्रांतीला दोघांना काळं, असे सेट ऑनलाइनही मिळतात आणि परगावच्या, परदेशातल्या मराठी घरांतही मागवले जातात. एकेकाळी फक्त चोळीला आणि परकर-पोलक्याला लागणारा, कर्नाटकातल्या विणकरांच्या गुळेदगुड्ड गावाहून येणारा खण या लाटेत पुन्हा मागणीत आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण इथे एक उलटापालट झाली आहे. आजीच्या काळी सारखं कापड घेणं स्वस्त होतं आणि वेगळं घेणं महाग. आता वेगवेगळे कपडे कुठेही स्वस्तात मिळतात आणि सारख्या सेटसाठी जास्त पैसे मोजावे लागतात. तेव्हा सारखेपणा परिस्थितीने लादला होता, आज तो आपण निवडतो. निवड आपली आहे म्हटल्यावर तिची जबाबदारीही आपलीच ठरते.

समान वाटा म्हणजे सारखं कापड?

सारखे कपडे घेण्याचं सर्वांत वजनदार कारण न्यायाचं आहे. "एकाला जास्त, एकाला कमी असं नको," हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्यामागची भावना खरी आहे. विशेषतः मुलगा आणि मुलगी असलेल्या घरात. मुलाला दुकानातला महागडा शर्ट आणि मुलीला उरल्यासुरल्या कापडाचं काहीतरी, असा भेद अनेक घरांनी केलेला आहे. अशा घरात दोघांना एकाच ताग्यातलं कापड मिळणं, ही मुलीच्या बाजूने उभी राहिलेली गोष्ट होती. एका भावाचं कापड पन्नास रुपये वाराचं आणि बहिणीचं वीस रुपयांचं, हे त्यात शक्यच नव्हतं. सारख्या कपड्यांवर टीका करणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण न्याय आणि सारखेपणा यांत फरक आहे आणि मुलांना तो मोठ्यांना वाटतो त्यापेक्षा लवकर कळतो. अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं, की आईवडील भावंडांत फरक करतात तेव्हा कसं वाटतं. फरकाचं कारण पटत असेल तर बहुतेक मुलांना तो अन्याय वाटत नव्हता. वय वेगळं, गरज वेगळी, स्वभाव वेगळा, हे मुलं समजून घेत होती. दुखतो तो कारण न सांगता केलेला फरक. म्हणजे भांडणं टाळायची असतील तर सारखं कापड हा एकच उपाय नाही. मोठ्याला सायकल आणि धाकट्याला रंगपेटी का, हे दोघांशी नीट बोललं तर तेही पुरतं.

दुसरा धागा १९७६ सालच्या संशोधनाचा आहे. फ्रान्सेस शॅक्टर आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की भावंडं, आणि त्यातही पाठोपाठची व एकाच लिंगाची, एकमेकांपासून वेगळी वाट धरतात. एक अभ्यासात रमला तर दुसरा मैदानाकडे वळतो. एक बोलकी झाली की दुसरी शांत होते. स्पर्धा आणि तुलना कमी करण्याचा तो मुलांनी शोधलेला मार्ग असतो. पुढे ज्युडी डन आणि रॉबर्ट प्लोमिन यांनी १९९० सालच्या पुस्तकात हाच विषय विस्ताराने मांडला : एकाच घरात वाढलेली मुलं एकमेकांहून इतकी वेगळी का होतात? प्रत्येक मुलाला ते घर वेगळं भेटतं, हे त्यांच्या उत्तराचं सार.

आपल्या परंपरेलाही हे अपरिचित नाही. गोकुळात एकाच अंगणात वाढलेल्या दोन भावांना पुराणांनी आणि चित्रकारांनी दोन रंग दिले. कृष्ण पिवळ्या वस्त्रात, बलराम निळ्या वस्त्रात. दोघांवरची माया कुठे कमी-जास्त झाली नाही, तरी दूरवरून कोण कुठला हे कळतं. भावंडांच्या जोडीला दोन रंगांत पाहणं आपल्या डोळ्यांना परकं नाही.

जुळ्यांची गोष्ट वेगळी

हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो जुळ्यांच्या बाबतीत. वयात अंतर असलेल्या भावंडांना सारखे कपडे घातले तरी उंची, चेहरा, इयत्ता त्यांना वेगळं ठेवते. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या बाबतीत कपडा ही ओळखीची जवळजवळ शेवटची खूण असते आणि आपण नेमकी तीच पुसतो.

सगळीकडे हे हौसेपोटीच होतं असं नाही. नायजेरियातल्या योरुबा समाजात जुळी फार मोठ्या प्रमाणात जन्मतात. इग्बो-ओरा हे गाव त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. योरुबा श्रद्धेप्रमाणे जुळ्यांचा आत्मा एकत्र बांधलेला असतो, म्हणून दोघांना अन्न, वस्त्र, मान सारखाच द्यायचा. एक मूल दगावलं तर त्याची लाकडी मूर्ती कोरून घ्यायची, तिला न्हाऊमाखू घालायचं, कपडे-मणी घालायचे, जिवंत राहिलेल्या भावंडासारखंच जपायचं. ही प्रथा बालमृत्यूच्या दुःखातून आलेली आहे. तिथला सारखा पोशाख दोन्ही जिवांना धरून ठेवण्यासाठी आहे. त्याला बाहेरून नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण कॅनडाचं आहे आणि ते प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवं. २८ मे १९३४ रोजी ऑन्टारिओ प्रांतात दिऑन कुटुंबात एकसारख्या दिसणाऱ्या पाच मुली जन्मल्या आणि जगल्या. सरकारने त्या आईवडिलांपासून काढून घेतल्या, त्यांच्यासाठी वेगळी इमारत बांधली आणि त्यांचं खेळणं लोकांना आडून पाहता येईल अशी सोय केली. लाखो माणसं त्यांना बघायला आली. सारख्या झग्यातल्या, सारख्या कुरळ्या केसांच्या त्या पाच मुली साबणापासून ओट्सपर्यंत अनेक वस्तूंच्या जाहिरातीत झळकल्या. मुलींना वेगळं ओळखायला प्रत्येकीला एक रंग आणि एक चित्र नेमून दिलं होतं. १९४३ साली त्या घरी परतल्या, पण ते बालपण भरून निघालं नाही. १९९७ साली अमेरिकेत एकाच वेळी सात बाळं जन्मली, तेव्हा हयात असलेल्या तिघी बहिणींनी त्या आईवडिलांना जाहीर पत्र लिहून मुलांचा तमाशा होऊ देऊ नका असं कळवलं. १९९८ साली ऑन्टारिओ सरकारने तिघींना ४० लाख कॅनेडियन डॉलरची भरपाई दिली. त्यांचं नुकसान झग्यांमुळे झालं नाही. पाच जिवांना एक दृश्य मानल्यामुळे झालं, आणि झगे त्या दृश्याचा भाग होते.

संशोधन काय सांगतं? फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रने झाझो यांनी १९६० सालच्या ग्रंथात जुळ्यांकडे 'जोडी' म्हणून पाहिलं. जनुकं तीच, घर तेच, तरी जोडीत एक पुढे होतो, एक मागे राहतो. एक बाहेरच्यांशी बोलतो, दुसरा त्याच्यावर सोपवतो. म्हणजे सारखेपणा लादल्यानंतरही वेगळेपण येतंच, पण ते जोडीच्या आत, एकमेकांच्या मापाने घडतं. आरशातलं प्रतिबिंब आपलं आहे हे मुलाला साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास कळू लागतं. एकसारख्या जुळ्याला आरशाबाहेरही तोच चेहरा दिवसभर समोर दिसत असतो. त्याला "हा मी, तो माझा भाऊ" ठरवायला एक पिवळा सदरा आणि एक हिरवा सदरा मदत करतात. आणि मुलापेक्षाही ती मदत भोवतालच्या मोठ्यांना होते. बालवाडीतल्या बाई दोघांना "ए जुळे" म्हणून हाक मारतात, कारण त्यांना ओळखायला काही खूण नसते. खूण असली की नाव तोंडात येतं. आणि नावाने हाक मारणाऱ्या बाई त्या एकट्या मुलाशी बोलतात, जोडीशी नाही.

यात निव्वळ व्यवहाराचीही बाजू आहे. तान्ह्या जुळ्यांपैकी एकालाच दोनदा औषध पाजलं गेलं, ही भीती जुळ्यांच्या घरात खरी असते. म्हणून जाणत्या आया एकाच्या पायाच्या अंगठ्याला नेलपेंट लावतात, एकाच्या मनगटात काळा दोरा आणि दुसऱ्याच्या पायात वाळे ठेवतात. वंध्यत्वावरच्या उपचारांमुळे शहरांत जुळ्यांचे जन्म वाढले आहेत. खुणेची ही साधी काळजी प्रसूतिगृहातूनच सांगितली जायला हवी.

गर्दी आणि कॅमेरा

सारख्या कपड्यांच्या बाजूने आणखी एक व्यावहारिक मुद्दा आहे. जत्रेत, वारीत, समुद्रकिनाऱ्यावर तीन मुलांना एकाच भडक रंगाचे सदरे घातले, की नजर टाकताच मोजणी होते. एखादं चुकलंच तर "याच्यासारखाच सदरा" म्हणून दुसऱ्याला पोलीस चौकीत दाखवता येतं. हे कारण मला पूर्ण पटतं. मात्र त्याच्या जोडीला मुलाच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच, कारण गर्दीत सदरा एकटा पुरत नाही.

कॅमेऱ्याचं कारण मला तितकं पटत नाही. पूर्वी वर्षातून एकदा स्टुडिओत बसून काढलेला फोटो घरच्या अल्बममध्ये राही. आता सणाच्या सकाळी मुलांना सारखे कपडे घालून, उभं करून, हसायला लावून काढलेली रील संध्याकाळपर्यंत शेकडो अनोळखी लोकांपर्यंत जाते. काही घरांत त्यातून पैसाही येतो. फ्रान्सने २०२० साली कायदा करून सोळा वर्षांखालच्या अशा मुलांची कमाई आणि कामाचे तास यांना नियम लावले. मुलाचं दिसणं हे काम होऊ शकतं, हे तिथल्या कायद्याने मान्य केलं. आपल्याकडेही पालकांनी स्वतःला विचारावं : कुणी फोटो पाहणार नसता, तर आज मुलांना हे कपडे घातले असते का? उत्तर 'नाही' असेल, तर तो कपडा मुलासाठी घेतलेला नाही.

मग करायचं काय

एवढ्या आढाव्यानंतर माझं मत स्पष्ट आहे. सारखे कपडे घालणं हा गुन्हा नाही आणि त्याने मुलांचं प्रेमही आपोआप वाढत नाही. तान्ह्या वयात ती पालकांची हौस आहे, खुशाल करावी. फक्त जुळ्यांना एक कायमची वेगळी खूण असू द्यावी. मूल बोलू लागलं, "हे नको, ते" म्हणू लागलं, की त्याच्यासमोर दोन कपडे ठेवून निवडू द्यावं. लग्नकार्याला, पाडव्याला सगळ्यांनी मिळून एकाच कापडाचं घालण्यात मौज आहे, पण ती सणापुरती असावी, रोजची नसावी. एकच कापड आवडलं असेल तर एकाला कुर्ता, दुसरीला जाकीट, तिसऱ्याला नुसता काठ, असं वेगळं शिवून घ्यावं. शिंपी आजही ते आनंदाने करतात. धाकट्याला तोच कपडा पुन्हा घालायची वेळ येणार असेल, तर त्याच्या जोडीला एक तरी कपडा असा द्यावा, जो आधी कुणाचाच नव्हता. शाळेत जुळ्यांना शक्य असेल तर वेगळ्या तुकड्या आणि नसेल तर वेगळी बाकं मागावीत, आणि नातेवाइकांना दोघांची नावं वेगवेगळी घ्यायची सवय लावावी.

आणि ज्या दिवशी एखादं मूल "मला याच्यासारखं नको" म्हणेल, त्या दिवशी थांबावं. त्याची समजूत काढू नये, पाहुण्यांसमोर लाजवू नये, "दादा बघ कसा शहाणा आहे" असं तर मुळीच म्हणू नये. भावंडांचे कपडे सारखे असोत की वेगळे, त्यांच्यावर होणारा खर्च, त्यांना मिळणारा वेळ आणि त्यांच्या नकाराला मिळणारा मान मात्र सारखाच हवा. पालकांनी आग्रह धरायचाच असेल, तर तो या सारखेपणाचा धरावा.